गरोदरपणी तंबाखू सुटावी म्हणून : थोडे बक्षीस, थोडी सोबत

(शेतकी खात्याकडून)



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा प्रोग्राम यांबद्दल लिहीत असतो. या अंकात मात्र विषय निराळा घेतला आहे. गरोदर बाईची तंबाखू कशी सुटेल, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, आम्ही शेतकी खात्यातली माणसे जन्मभर दुसरे काय करतो? लोकांच्या जुन्या सवयी सोडवण्याचेच काम करतो. पाचट पेटवू नका, म्हणून आम्ही किती वर्षे सांगतो आहोत. नुसते सांगून किती जणांनी ऐकले, आणि एकरी अनुदान मिळाल्यावर व शेजारच्याचा खोडवा डोळ्यांनी पाहिल्यावर किती जणांनी ऐकले, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

अगदी हाच प्रश्न डॉक्टर मंडळींना पडला होता. गरोदर बाईला तंबाखूचे तोटे सांगायचे, पत्रक द्यायचे, भिंतीवर चित्र लावायचे. ती मान डोलावते, घरी जाते आणि पुन्हा ओढते. मग काही ठिकाणी वेगळा विचार सुरू झाला. सांगण्याच्या जोडीला तिच्या हातात काहीतरी द्यावे, आणि तिच्या शेजारी कोणीतरी उभे करावे. त्याचे नीट मोजमाप करून प्रयोग झाले. त्यांचे आकडे वाचल्यावर मला ते आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटच्या आकड्यांसारखेच वाटले, म्हणून हे लिहायला घेतले.

आधी नुकसान कसे होते ते थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला ते उलगडून दाखवले. विडी-सिगारेटच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू रक्तात जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. म्हणजे ट्रॉली रिकामी असायला हवी ती आधीच भलत्या मालाने भरलेली. दुसरी गोष्ट निकोटिनची. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाकडे जाणारे रक्त कमी होते. ठिबकच्या नळीत क्षार साचून ड्रीपर अर्धे बंद पडले तर मोटर पूर्ण वेळ चालूनही शेवटच्या बेटापर्यंत पाणी पोहोचत नाही, तसेच हे. आई पोटभर जेवते, पण बाळाला पुरते मिळत नाही. अशी बाळे वजनाने कमी भरतात, काही दिवस भरण्याआधी जन्मतात, काही पोटातच जातात. वार अवेळी सुटण्याचा धोकाही वाढतो.

हे सगळे बाईला कळत नाही असे नाही. निकोटिनची लत लागलेली असते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. हा त्रास ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस तिला कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न आहे.

ओरेगॉनचा प्रयोग

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन नावाचे राज्य आहे. तिथल्या राज्य विद्यापीठातल्या रिबेका डोनाटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत गरीब गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुले यांना पोषण आहार देणारी एक सरकारी योजना आहे. आपल्या अंगणवाडीच्या आहारासारखी म्हणा. त्या योजनेच्या ओरेगॉनमधल्या चार केंद्रांवर येणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या दोनशेच्या वर गरोदर बायका या प्रयोगात घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. कोणी कोणत्या गटात जायचे हे ना बाईने ठरवले, ना डॉक्टरने. आपण प्लॉट पाडताना चांगली जमीन एकीकडे आणि चोपण दुसरीकडे जाऊ देत नाही, तसेच.

दोन्ही गटांना तंबाखू सोडण्याबद्दल तोंडी सांगितले, छापील माहिती दिली, आणि दर महिन्याला फोन करून विचारपूस केली. एका गटाला एवढेच. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक बाईला आणखी एक गोष्ट सांगितली : तुझा एक साथीदार तू स्वतः निवड. तो शक्यतो बाईमाणूस असावा आणि शक्यतो स्वतः न ओढणारा असावा. मग दर महिन्याला बाईची तपासणी. तंबाखू सुटलेली आढळली की तिला पन्नास डॉलरचे व्हाउचर मिळायचे. आता पुढची गोष्ट नीट वाचा, कारण सगळी मेख तिथेच आहे. ती सुटली की तिच्या साथीदारालाही व्हाउचर मिळत होते. म्हणजे मैत्रीण, बहीण, आई, जी कोणी असेल तिचाही त्या कामात वाटा धरलेला होता.

तपासणी तोंडी विचारून होत नव्हती. शरीरात निकोटिन गेले की त्यापासून कोटिनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो काही दिवस लाळेत सापडतो. लाळेचा नमुना घ्यायचा आणि पाहायचे. गेटवरचा काटा जसा ट्रॉलीवाल्याचा शब्द धरत नाही, तसा हा काटा.

निकाल असा लागला. आठवा महिना भरला तेव्हा साथीदार आणि व्हाउचर मिळालेल्या गटात शंभरातल्या ३२ बायकांची सिगारेट सुटलेली होती. नुसती माहिती मिळालेल्या गटात शंभरात ९. बाळंत होऊन दोन महिने झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा पहिल्या गटात २१ आणि दुसऱ्यात ६.

इथे एखादा जाणकार सभासद मला अडवील. तो म्हणेल, साहेब, तुम्हीच सांगता की एका प्लॉटमध्ये खत आणि पाणी दोन्ही एकदम वाढवले तर टनेज कशाने वाढले ते कळत नाही. बरोबर आहे. ओरेगॉनच्या प्रयोगात पैसा आणि सोबत हातात हात घालून गेले होते. कोणाचे काम किती, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा प्रयोग पाहावा लागतो.

ग्लासगोचे चारशे पौंड

स्कॉटलंडमधले ग्लासगो हे जुने कारखानदारीचे शहर. जहाजे बांधण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या गरीब वस्त्यांत सिगारेटचे प्रमाण मोठे. बालरोगतज्ज्ञ डेव्हिड टॅपिन आणि त्यांच्या मंडळींनी तिथे ६१२ गरोदर बायकांवर प्रयोग केला आणि त्याचा निकाल २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. इथे दोन्ही गटांना सरकारी सेवा सारखीच होती. एक भेट, मग दर आठवड्याला फोन, आणि दहा आठवडे निकोटिनच्या पट्ट्या वगैरे फुकट. फरक फक्त एकाच गोष्टीत : एका गटाला दुकानात चालणारी व्हाउचर मिळत होती, दुसऱ्याला नाही. म्हणजे पाणी सारखे, बेणे सारखे, फक्त एका प्लॉटला एक जादा मात्रा.

व्हाउचर एकूण चारशे पौंडांपर्यंत. ती कशी वाटली ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या भेटीला येऊन सोडण्याची तारीख ठरवली की ५० पौंड. चार आठवडे टिकली की ५०. बारा आठवडे टिकली की १००. आणि दिवस भरत आल्यावर तपासणीत सुटलेली आढळली तर २००. म्हणजे हप्ता चढता. आपल्या उसाच्या बिलात पहिला हप्ता मोठा आणि पुढचे लहान असतात, इथे उलटे. जी शेवटपर्यंत टिकेल तिला शेवटी सर्वांत जास्त. मला ही मांडणी फार आवडली. आम्ही अनुदान देतो ते बहुतेक एकदाच आणि सुरुवातीला. त्यामुळे काही जण अनुदान घेतात आणि पुढच्या वर्षी पाचट पुन्हा पेटवतात.

ग्लासगोत व्हाउचर मिळालेल्या गटात गरोदरपणाच्या अखेरीस शंभरात साडेबावीस बायकांची सिगारेट सुटली, दुसऱ्या गटात शंभरात साडेआठच्या जवळपास. तीच गोष्ट पुढे स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड मिळून सात ठिकाणी नऊशेवर बायकांवर करून पाहिली. तो निकाल २०२२ साली आला : २७ आणि १२. म्हणजे एका गावच्या जमिनीत आलेले पीक दुसऱ्या गावीही आले. इंग्लंडच्या सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये, सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायकांना अशी व्हाउचर देशभर देण्याचे जाहीर केले.

पण खरे ते खरे सांगितले पाहिजे. २०२२ च्या त्याच अहवालात पुढचा आकडा आहे, आणि तो उमेद खचवणारा आहे. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर पाहिले तर व्हाउचरच्या गटात शंभरात सहाच बायका न ओढणाऱ्या राहिल्या होत्या, दुसऱ्यात चार. बक्षीस थांबले, बाळ हाताशी आले, रात्रीची जागरणे सुरू झाली आणि सिगारेट परत आली. बाळाच्या वजनातही दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, कारण व्हाउचरच्या गटातसुद्धा न सुटलेल्याच जास्त होत्या. यावरून काही जण म्हणतात की पैसा देऊन काही होत नाही. मी तसे म्हणणार नाही. पोटातल्या बाळाला जेवढे महिने धूर मिळाला नाही तेवढे त्याचे भले झाले, ते काही परत घेता येत नाही. पण पैशाचे काम कुठे संपते हे यातून दिसते. एकदा सुटलेली तंबाखू पुढे सुटलेलीच राहावी यासाठी घरातले माणूस लागते, आणि म्हणून मला ओरेगॉनच्या साथीदाराचे मोल जास्त वाटते.

आपल्या घरातली मशेरी

आता कोणी म्हणेल, हे सगळे गोऱ्या बायकांचे झाले, आपल्या बायका कुठे सिगारेट ओढतात? खरे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर बायकांमागे दोन धूम्रपान करणाऱ्या आढळल्या. पण बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या जवळजवळ तेरा. आणि आपल्या भागात ही बिनधुराची तंबाखू म्हणजे मशेरी, कोणी मिश्री म्हणते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. सुरुवात दात घासायचे म्हणून होते. मग सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, रानातून आल्यावर एकदा. पोट साफ होत नाही म्हणून एकदा.

गंमत अशी की दवाखान्यात विचारले, ‘तंबाखू खाता का?’ तर बाई सरळ नाही म्हणते. ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी मशेरी ही तंबाखू नव्हेच, ते दात घासण्याचे आहे. म्हणून विचारायचे असेल तर ‘मशेरी लावता का?’ असेच विचारावे लागते.

मशेरीत धूर नाही म्हणजे बाळाला काही होत नाही, असा एक समज आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर बायकांची पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. शंभरात सतरा बायका बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त मशेरीच होती. या बायकांची बाळे न वापरणाऱ्या बायकांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे वजनकाट्याच्या सवयीच्या माणसाला वाटेल. काट्यावर आपण क्विंटलच्या खालचे फारसे पाहत नाही. पण बाळाची रेघ अडीच किलोवर आहे. त्याखालचे बाळ कमी वजनाचे धरतात आणि त्याला आजारपण, दूध ओढता न येणे, हे सगळे जास्त. दोन किलो साडेपाचशेचे बाळ शंभर ग्रॅमने कमी झाले की रेघेखाली जाते. शिवाय ती सरासरी आहे. कोणाला काहीच फरक पडत नाही, कोणाला तीनशे ग्रॅमचा पडतो.

‘आम्ही नऊ महिने मशेरी लावली, आमची पोरं काय वाळली का?’ असे प्रत्येक घरातली म्हातारी म्हणते. तिला खोटे पाडायला जाऊ नका. बिनखताचा ऊसही काही ठिकाणी चांगला येतो, तो आपण पाहिलेला असतो. म्हणून कोणी खत टाकायचे थांबवत नाही.

आणि इथे ओरेगॉनची रीत आपल्याकडे जशीच्या तशी लावायला गेले तर अडते. तिथे साथीदार न ओढणारी असावी, असे म्हटले होते. आपल्या घरात सुनेच्या सगळ्यांत जवळ कोण? सासूबाई. आणि मशेरीची डबी कोणाच्या कनवटीला? सासूबाईंच्याच. पुष्कळ सुनांना मशेरी माहेरी नव्हती, सासरी आल्यावर लागली. तव्यावर भाजायचे काम तिच्याकडे येते, तो वास घरभर सुटलेला, आणि हिला मळमळते आहे. मग ‘आत्याबाई, वाईच द्या’ म्हणून बोटभर घेते. अशा घरात एकट्या सुनेने सोडायची म्हणजे शेजारच्या रानात पाचट पेटलेले असताना आपल्या बांधावर पाणी मारीत बसायचे.

म्हणून माझ्या मते आपल्याकडे जोडी सासू-सुनेची धरावी आणि दोघींनी एकदम सोडावी. बक्षीस दोघींना. ओरेगॉनमध्ये साथीदाराला व्हाउचर दिले ते याच हिशोबाने, की तिला या कामात आपला वाटा वाटावा. सासूबाईंना चाळीस वर्षांची सवय, त्यांना ते सुनेपेक्षा जड जाईल, हे मला कबूल आहे. जिथे ते होणार नाही तिथे मशेरी न लावणारी जाऊ किंवा नणंद, शेजारीण, आशाताई, कोणीही चालेल. फक्त निवड त्या बाईने करावी. घरच्यांनी नेमून दिलेली साथीदार ही साथीदार राहत नाही, राखणदार होते.

बक्षीस रोख नसावे असे मला वाटते. रोख रक्कम घरातल्या कर्त्याच्या खिशात जाते आणि तिची तंबाखूची पुडी होऊन परत येते. ग्राहक भांडाराची चिठ्ठी द्यावी, बाईच्या नावाची : तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, तेल, बाळाचे कपडे. एका बाईमागे अडीच हजार रुपये धरले तर ते ग्लासगोसारखे चढते वाटता येतील : नोंदणीला तीनशे, महिन्याने तीनशे, तीन महिन्यांनी सहाशे, दिवस भरत आल्यावर तेराशे. साथीदाराला त्याच त्या वेळी निम्मे. शिवाय एक हप्ता बाळंतपणानंतर सहा महिन्यांसाठी राखून ठेवावा, कारण सगळी घसरण तिथे होते हे आपण वर पाहिले. हा हिशोब माझा आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. पण पीक स्पर्धेत एकरी टनेजला आपण बक्षीस देतोच, आणि त्यात काही चुकीचे कोणाला वाटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो स्कॉटलंडमध्येही आला होता : जिला सवयच नाही तिला काय? वाईट वागणारीला बक्षीस आणि सरळ वागणारी कोरडी? प्रश्न रास्त आहे. पण आपण क्षारपड जमीन सुधारायला मदत देतो तेव्हा चांगल्या जमिनीचा मालक तक्रार करतो का? आणि बक्षीस आईच्या नावाने निघाले तरी ते बाळाला मिळते, त्या बाळाने काहीच वाईट केलेले नसते. सरकारनेही गरोदर बाईच्या हातात पैसे देण्याची पद्धत कधीच सुरू केली आहे. २००५ ची जननी सुरक्षा योजना दवाखान्यात बाळंत होण्यासाठी आहे, आणि २०१७ ची मातृ वंदना योजना पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये हप्त्यांनी देते. त्यात तंबाखूची अट नाही, आणि नसावीच. हक्काच्या पैशाला अशी अट लावली की बाई दवाखान्याकडे फिरकायची नाही. वरचे बक्षीस द्यायचे ते वेगळे, जादा.

तपासणीचे एक सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावतात आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. यंत्र सोपे, आपल्या ब्रिक्स पाहायच्या रिफ्रॅक्टोमीटरसारखे, जागेवर आकडा. पण ते मशेरीला उपयोगाचे नाही, कारण मशेरीत धूर नसतो. लाळेची किंवा लघवीची कोटिनिन तपासणीच करावी लागेल, आणि ती दवाखान्यामार्फतच. निकाल बाईला आणि डॉक्टरांना कळावा, गट ऑफिसच्या फळ्यावर लागता कामा नये. आपल्याकडे ऊस जळिताची यादी फळ्यावर लागते, त्यातली ही गोष्ट नाही. जिची सुटली नाही तिला फक्त त्या महिन्याची चिठ्ठी मिळणार नाही, बाकी एक शब्द नको. पुढच्या महिन्यात ती पुन्हा येऊ शकली पाहिजे.

मशेरी सोडल्यावर दात शिवशिवतात, पोट जड वाटते. मीठ-पाण्याच्या चुळा, कडुलिंबाची काडी, साधी पेस्ट, सकाळी उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, तरी बाजारातले बिननावाचे काळे-तांबडे मंजन घेऊ नये. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम वगैरे गरोदरपणी स्वतःच्या मनाने मुळीच नकोत, डॉक्टरांना विचारूनच. आणि घरातल्या पुरुषांनी विडी अंगणाबाहेर ओढावी. सुनेला मशेरी सोडायला सांगायची आणि तिच्या उशाशी बसून विडी पेटवायची, हे प्रकार मी पाहिले आहेत.

आता तोडणीच्या टोळ्यांबद्दल. आपला ऊस ज्यांच्या हाताने तुटतो त्यांत गरोदर बायका असतात, हे प्रत्येक सभासदाने स्वतःच्या फडात पाहिलेले आहे. बीड, जालन्याकडून जोडीने येतात, कोप्यांत राहतात, पहाटे चारला उठतात. तंबाखूने भूक मरते आणि झोप उडते, म्हणून ती त्यांच्या कामाचा भागच झालेली असते. या बाईपुढे पैशाचे गणित आधीच मांडलेले असते, पण उलट्या दिशेने. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा पडला की अनेक ठिकाणी मुकादम दंड धरतो. तपासणीला गेली तर दंड, आणि तंबाखू सोडली तर तीनशे रुपयांची चिठ्ठी, असा हिशोब तिच्यासमोर ठेवायला मला लाज वाटते. तेव्हा बक्षिसाच्या आधी एवढे व्हावे की महिन्यातून एक दिवस गरोदर बाईचा खाडा धरला जाणार नाही, आणि मोळी उचलण्याचे काम तिला दिले जाणार नाही. हे वाचून काही तोडणी-वाहतूक कंत्राटदार माझ्यावर रागावतील. रागवोत. त्यांनी गट ऑफिसात येऊन बोलावे, मी सकाळी दहापर्यंत तिथेच असतो.

कोप्यांतल्या बाईला सासू सोबत नसते, मैत्रीण असते. दोन-तीन कोप्यांतल्या बायका मिळून एकमेकींच्या साथीदार होऊ शकतील. त्यांची भाषा आणि वेळ एकच असते. हंगामाच्या सुरुवातीलाच आशाताईंना बरोबर घेऊन अड्ड्यावर नोंद झाली तर मार्चपर्यंत चार-पाच महिने मिळतात, आणि गरोदरपणातले चार-पाच महिने थोडे नव्हेत. पट्टा पडून त्या गावी परतल्या की आपला हात पोहोचत नाही. तेवढ्यासाठी त्यांच्या गावच्या उपकेंद्राचे नाव आणि फोन कार्डावर लिहून द्यावा.

ज्यांना कोणाला विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तंबाखू सोडण्याची फुकट फोनसेवा २०१६ पासून चालू आहे. नंबर १८००-११२-३५६. घरातल्या पुरुषांनाही तो चालतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय खतमागणीच्या नोंदीनंतर घेणार आहे. महिला सभासदांनी आणि घरातल्या सासूबाईंनी मुद्दाम यावे. ज्यांना बैठकीत बोलायचे नाही त्यांनी आशाताईंकडे नुसते नाव सांगितले तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. खोडव्याला पहारीने खत देण्याबद्दल जे विचारणा करीत होते, त्यांच्यासाठी पुढच्या अंकात आकड्यांसह लिहितो.